मामांची सपाट काच

माझ्या बायकोच्या मामांचा या जगात एकाच वस्तूवर पूर्ण विश्वास आहे, आणि ती वस्तू म्हणजे दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि करंगळीएवढ्या जाडीची एक काच. देवावर आहे म्हणावं, तर देवापुढे फोडायचा नारळ ते आधी कानाशी धरून हलवून बघतात. मामींवर आहे म्हणावं, तर अडतीस वर्षांच्या संसारानंतरही भाजीत मीठ घातलं का, हे ते मामींना न विचारता थेट भाजीला विचारतात. काचेचं मात्र तसं नाही. ती त्यांनी नारायणगावातल्या एका बंद पडत आलेल्या मिठाईच्या दुकानातून मिळवली. हातात स्टीलची पट्टी आणि बॅटरी घेऊन मामा दुकानात शिरले आणि काउंटरवर पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का ते बघू लागले, तेव्हा दुकानदाराला वाटलं वजनमापवाले आले. त्याने गडबडीने पेढे पुढे केले. पेढे बघून मामांना संशय आला, की काचेत काहीतरी खोट असणार, म्हणून त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून तपासली. तासाभराने ते एवढंच म्हणाले, "सपाट हाय." माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आजवर कुणाचंही केलेलं हे सर्वांत मोठं कौतुक.

या काचेवर मामा चाकूला धार लावतात. खिशातल्या, घडीच्या चाकूला. वारूळवाडीत त्यांची द्राक्षबाग आहे आणि बागाईतदाराच्या खिशात चाकू असण्यात काही नवल नाही; पण बाकीचे लोक कामासाठी चाकू बाळगतात, मामा चाकूसाठी कामं काढतात. पूर्वी त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा धारेचा दगड होता. वापरून वापरून तो मधे खोलगट झाला. "दगडाला प्वाट पडलं," म्हणत त्यांनी तो एक दिवस बाजूला केला, कारण असल्या दगडावर सरळ धार येते असं सांगणारा माणूस त्यांच्या मते आणखी कशाबद्दलही खोटं बोलू शकतो. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला तर त्यांना अंगणातही खपत नाही. तो ठिणग्या पाडून पोलाद जाळतो, पोलाद जळलं की धार राहत नाही, धार राहिली नाही की माणूस नवा चाकू घेतो. तेव्हा धारवाल्यांना चाकूवालेच गावोगाव पाठवत असले पाहिजेत, हे त्यांनी मला समोर बसवून पटवून दिलं आहे. आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मीही त्या गरीब माणसाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

दगडाच्या जागी आला वॉटर पेपर, म्हणजे गाड्या रंगवणारे वापरतात तो पाण्यात भिजवायचा काळा पॉलिश पेपर. काचेवर पाणी शिंपडायचं, कागद त्यावर पसरून तळहाताने दाबायचा, की तो असा चिकटतो जणू काचेचीच कातडी. आधी चारशे नंबरचा, मग आठशेचा, मग बाराशेचा, शेवटी दोन हजारचा. पातं पुढे ढकलायचं नाही, नाहीतर कागद फाटतो; पाठीच्या दिशेने ओढायचं, आणि एका बाजूने ओढत राहायचं ते दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीकशी कोर येईपर्यंत. या कोरेला मामा 'मिशी' म्हणतात. मिशी आल्याशिवाय बाजू बदलणारा माणूस त्यांच्या लेखी लग्नाच्या पंगतीतून वरणभातावरच उठून जाणाऱ्यासारखा. कागदाच्या दुकानदारावर त्यांचा विश्वास नाही हे वेगळं सांगायला नको. बाराशेचा म्हणून हजारचा माथी मारतात अशी त्यांची ठाम समजूत असल्यामुळे दुकानात उभे राहून ते प्रत्येक कागद स्वतःच्या गालावर घासून बघतात. एकदा दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने हळूच मला विचारलं, की पावण्यांना दाढीचं ब्लेड परवडत नाही का.

धार झाली की परीक्षा. तिची पहिली पायरी म्हणजे मामांचा डावा हात. मनगटापासून कोपरापर्यंत त्यावर एक केस शिल्लक नाही, उजव्यावर मात्र रान माजलेलं, त्यामुळे बाह्या दुमडून बसलेले मामा दोन वेगळ्या माणसांचे हात जोडून केल्यासारखे दिसतात. दुसरी पायरी टोमॅटो. आमच्या भागात टोमॅटोला तोटा नाही. पातं टोमॅटोवर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही, आणि ते आपल्या वजनाने आत गेलं पाहिजे. गेलं नाही, तर मामा आधी टोमॅटोवर संशय घेतात. रविवारी त्यांच्याकडे गेलं की दुपारच्या जेवणाला टोमॅटोची कोशिंबीर, टोमॅटोचं सार आणि टोमॅटोची चटणी ठरलेली, आणि मामी ती वाढताना मामांकडे बघतही नाहीत.

गेल्या काही वर्षांत यात एक अडचण शिरली. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर सज्जन होते, सगळं नीट समजावून सांगत होते. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की तुम्ही जे पातं वापरता त्याला शेवटचा हात कुठल्या नंबरवर मारता. डॉक्टर म्हणाले, ते बंद पाकिटात येतं, आम्ही त्याला काही करत नाही. मामा खुर्चीतून उठले, चपला घातल्या आणि दारातून मला म्हणाले, "चला पावणं. ज्याला स्वोताच्या पात्याला धार लावता येत न्हाई, त्यो माझ्या डोळ्याला हात लावणार?" त्या दिवसानंतर तो विषय संपला.

तेव्हापासून मामांचे डोळे म्हणजे मनीषा, त्यांची एकुलती एक मुलगी. ती जवळच्या एका भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत कामाला जाते, दिवसभर ट्रेमधली हजारो रोपं निरखते, त्यामुळे तिची नजर पक्की. मामांची पद्धत अशी, की धारेच्या कडेला काळ्या मार्करने शाई लावायची, पाचसहा वेळा पातं कागदावरून ओढायचं, आणि शाई कुठली गेली, कुठली राहिली ते बघायचं. सगळीकडची सारखी गेली तर चाकू बरोबर कोनात धरलाय. हे बघणं मनीषाकडे. "शाई कुठं ऱ्हायली?" मामा विचारायचे. "टोकाला," ती सांगायची. मग मामा तिथं नखाने चाचपून खात्री करून घ्यायचे. ती दर वेळी बरोबर असायची आणि ते दर वेळी चाचपायचे. रविवारची सुट्टी अशी काचेपाशी बसून जाई, पण मनीषा कधी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. मला तिचं वाईट वाटायचं, आणि मी काही बोलायचो नाही, याचं आज जास्त वाईट वाटतं.

आता मामांच्या विद्येचा जो खरा कळस, त्याकडे येतो. मामा चाकू वाचतात. चाकूवर अंगठा फिरवून ते मालकाचा स्वभाव सांगतात. मी माझ्या बायकोला बघायला गेलो होतो, तेव्हा ओळखदेख नसताना या गृहस्थांनी माझा चाकू मागितला. मला वाटलं सुपारी कातरायची असेल. त्यांनी दोनदा अंगठा फिरवला आणि भर बैठकीत सांगितलं, "पावणं यानं स्क्रू पिळत्यात. वस्तू जिथली तिथं ठेवायची सवय न्हाई." मी मंचरला एका कार्यालयात कारकून आहे आणि हे अगदी खरं आहे. माझं लग्न तरीही झालं, कारण मुलगी माझ्या सासऱ्यांची होती, मामांची नव्हती.

मनीषाच्या बाबतीत ती सोय नव्हती. तिला पहिलं स्थळ आलं निमगाव साव्याचं. मुलाचा चाकू कोरा करकरीत निघाला. दाखवायला म्हणून आणलाय, मामा म्हणाले, म्हणजे आणखी काय काय दाखवायला आणलं असेल. दुसऱ्या मुलाकडे चाकूच नव्हता. हा पोत्याची सुतळी काय दातांनी तोडतो का, यावर ते स्थळ मोडलं. तिसऱ्याच्या चाकूला एकाच अंगाने धार होती, म्हणजे माणूस एकच बाजू ऐकणार. चौथ्याचा चाकू उत्तम निघाला, इतका उत्तम, की धार त्याने दुसऱ्या कुणाकडून तरी लावून घेतली असणार. असं करता करता मनीषाला एकोणतिसावं लागलं. मामी माझ्या बायकोपाशी रडल्या. गावात कुजबुज सुरू झाली, की मुलीतच काही असेल. मामांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी कुजबुजणारा कोण असावा याची पाच नावं काढली, पण कुजबुज का होते याचा विचार केला नाही.

पाचवं स्थळ अवसरी बुद्रुकचं. मुलगा ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि फवारे बसवायची कामं करायचा. रोपवाटिकेत त्या कामासाठी त्याचं दोन वर्षं येणं-जाणं होतं. जमवलेलं स्थळ म्हणून ते पुढे आलं खरं, पण ते कुणी जमवलं होतं हे मला मनीषाच्या आवाजावरून कळलं. तिने मला कार्यालयात फोन केला होता. म्हणाली, "दाजी, ह्या खेपंला तुमी हजर ऱ्हावा. हे मोडलं तर मी परत कुणापुढं बसणार न्हाई." एरवी ती हळू बोलते. त्या दिवशी आणखी हळू बोलली.

मी मुलाला निरोप पाठवला, की येताना वडिलांच्या किंवा तुझ्या खिशात चाकू असू देऊ नकोस, घरी विसरला म्हणून सांग. निरोप पोचला, पण वडिलांपर्यंत भलत्याच रूपात पोचला असावा. रविवारी सकाळी पाहुणे आले, वडील पायरीवर चपला काढून आत आले, आणि बसायच्या आधीच खिशातून चाकू काढून म्हणाले, की तुमच्या हाताची लई ख्याती ऐकली, ह्याला जरा बघा, पाच वर्षांत ह्यानं काय कापलेलं आठवत न्हाई. माणूस इतका सरळ होता की मला त्याची काळजी वाटली.

लाकडी मुठीचा, पितळी खिळ्यांचा चाकू. आठवडे बाजारात वर्षानुवर्षं हाच मिळतो, जुन्नर-आंबेगावात घरटी एक सापडेल. मामांचा रोजचा चाकूही तोच. आमच्याकडे चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. त्यामुळे पाहुण्यांनी तो समोरच्या टेबलावर मांडलेल्या मामांच्या काचेवर ठेवला. तिथे मामांचा चाकू सकाळच्या धारेनंतर आधीच उघडा पडला होता. पाहुण्यांनी आपलाही उघडूनच त्याच्या डावीकडे ठेवला. तेवढ्यात मामी पाण्याचे तांबे-पेले घेऊन आल्या, जागा हवी म्हणून मी घाईने दोन्ही चाकू उचलून काचेच्या दुसऱ्या टोकाला सरकवले. कुठला उजवीकडे होता आणि कुठला डावीकडे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वस्तू जिथली तिथं न ठेवण्याची माझी सवय.

मामांनी हात लांब करून डावीकडचा चाकू उचलला. एरवी शेजारी मनीषा असते. त्या दिवशी ती आत साडीच्या निऱ्या करत होती.

अंगठा फिरायला लागला. मामांचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी छताकडे. वडील कौतुकाने मामांच्या अंगठ्याकडे बघत होते. मामांनी टोक चाचपलं, मूठ चाचपली, पात्याची रुंदी दोन बोटांत धरून मोजली आणि परत मोजली.

"पावणं, राग मानू नका," ते म्हणाले, "पर ह्या चाकूचा मालक लई संशयी माणूस हाय. धार हाय, तरी परत लावतो. परत हाय, तरी परत लावतो. निम्मं पातं खाल्लंय ह्यानं. कशावर इस्वास म्हणून न्हाई."

वडील गोंधळले. म्हणाले, असंल बाबा, पण मला तर धार लावल्याचं आठवतच न्हाई. मामांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या धुरकट डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आलं, की संशयी तर आहेच, वर खोटंही बोलतोय. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते थांबायला तयार नव्हते.

"असल्या घरात पोरगी द्यायची म्हंजी काय?" ते म्हणाले. "ती चांगली असंल तरी हा घासणार. रोज घासणार. झिजून जाईल ती."

मनीषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नाही. ट्रे तिने टेबलावर ठेवला, एक कपसुद्धा हिंदकळला नाही. मामांच्या हातातल्या चाकूकडे तिने एकदाच बघितलं. तो तिने किती रविवार डोळ्यांशी धरला असेल, तिला दोनदा बघायची गरज नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "त्यो तुमचा हाय. पावण्यांचा त्यो पलीकडं."

मामांनी हातातला चाकू खाली ठेवला, दुसरा उचलला, त्यावर अंगठा फिरवला. तो चमच्याइतका बोथट होता. मग त्यांनी परत पहिला उचलला आणि या वेळी फार सावकाश चाचपला. मला हसू यायला हवं होतं. एरवी कुणी ही गोष्ट सांगितली असती तर मी पोट धरून हसलो असतो. पण मामांचा अंगठा पात्याच्या पाठीवरून धारेकडे जात होता, आणि तो जिथे थांबायला हवा त्याच्या फार आधीच पातं संपत होतं.

"एवढा झिजला?" त्यांनी विचारलं.

"व्हय. लई दिस झालं."

"मग कधी बोलली न्हाईस."

"तुमी शाईचंच इचारायचा," मनीषा म्हणाली.

मामी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला वाटलं मामा आता उठून बागेत निघून जातील. त्यांना अडचण झाली की ते बागेत जातात आणि वेलींवर संशय घेतात. ते बसून राहिले. त्यांनी मनीषाच्या आवाजाच्या दिशेने मान वर केली आणि विचारलं, तुला ह्या घरी जायचंय का. पाहुण्यांसमोर, मुलासमोर, असं कुणी विचारत नाही. मनीषा "जायचंय" म्हणाली आणि मग तिला रडू आलं. मुलाचे वडील तिच्याकडे बघून एकदम उभे राहिले, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी स्वतःच चहाचे कप सगळ्यांना वाटले. चहा घेताना मामा त्यांना एवढंच म्हणाले, "तुमचा चाकू बोथट हाय. ऱ्हाऊ द्या तसाच."

लग्न झालं. साधंच झालं, मामांनी मांडववाल्याच्या एकेका खांबाला हलवून बघितलं, तेवढंच. मनीषा अवसरीला गेली. वारूळवाडीपासून ते काही लांब नाही, गाडीने पाऊण तास. पण रविवारी मी गेलो की ते घर मला मोठं वाटतं. मामी बोलतात, मी बोलतो, मामा ऐकतात. संशय घेणं त्यांनी सोडलं असं मी म्हणणार नाही. परवाच घरी आलेल्या वीजबिलाच्या माणसाला त्यांनी मीटरपाशी उभं करून आकडा दोनदा वाचायला लावला, आणि मला बरं वाटलं. मुलीच्या बाबतीत मात्र ते बदललेत, आणि ते बदलणं त्यांना सोपं जात नाही.

मागच्या खेपेला मी तिथे असताना त्यांनी मामींकडून अवसरीचा फोन लावून घेतला. फोन कानाशी धरून ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. "बरी हाईस का?" त्यांनी विचारलं. पलीकडून दोन शब्दांचं उत्तर आलं असावं. मामांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता जेवलीस काय, सासू काय म्हणाली, आवाज का बसलाय, सगळी उलटतपासणी होणार. त्यांनी तोंड मिटलं. "बरं," म्हणाले, आणि फोन मामींच्या हातात दिला. मग ते माझ्याकडे वळले.

"बरी हाय म्हणती," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, असेल की.

"असंलच," मामा म्हणाले. "ती सांगती ना."